मेहुण्याचा झरा

माझ्या मेहुण्याइतका संशयी माणूस अख्ख्या खानदेशात दुसरा नसेल, आणि असलाच तर मेहुण्याने त्याच्यावर केव्हाच पाळत ठेवली असेल. असा माणूस बँकेच्या तिजोरीपाशी शोभला असता. पण सावद्याच्या घरच्या केळीच्या धंद्याकडे पाठ फिरवून त्याने पोटापाण्यासाठी धरलं ते भटकंतीचं लेखन. डोंगर चढायचे, दऱ्या उतरायच्या आणि मासिकांना लेख पाठवायचे; नोकरी कुणाचीच नाही. म्हणजे लोकांनी कुठे जावं हे सांगणं हा धंदा आणि कुणाला काही न सांगणं हा स्वभाव. पिंप्राळ्यात आमच्या मागच्या गल्लीत त्याने खोली घेतली आणि पहिल्याच दिवशी खिडकीच्या काचांना रद्दी चिकटवली. "समोरच्या गच्चीवरून स्क्रीन दिसते, भाऊजी," म्हणाला. समोरच्या गच्चीवर एक म्हाताऱ्या बाई पापड वाळत घालत असत.

लेख मात्र तो झकास लिहायचा. वाचताना पायांना काटे टोचत, घशाला कोरड पडे. फक्त तिथे जायचं कसं हे ब्रह्मदेवालाही कळत नसे. 'सातपुड्यातल्या एका गावापुढे एका झाडाशी वळलं की' अशी त्याची सुरुवात. गाव कोणतं, झाड कसलं, वळायचं कुठे, याबद्दल अवाक्षर नाही. फोटोंतून डोंगराची शिखरं तो कापून टाकी, त्यामुळे छापून यायचे ते गवत आणि त्याचे स्वतःचे बूट. कुणी फेसबुकवर लगेच 'मस्त' लिहिलं तरी हा अस्वस्थ. "एवढ्या लवकर वाचून कसं झालं? हा माणूस डोंगर ओळखायला आलाय." धुळ्याचा एक भटका लेखक तर आपल्या मागावरच आहे, असं त्याचं ठाम मत होतं. मी त्या गृहस्थाला एकदा एका लग्नात भेटलो. त्याला गुडघेदुखी होती आणि तो बहुतेक लिफ्टनेच फिरत असावा.

मेहुण्याची एसटीतली रीत तर बघण्यासारखी. तिकीट पुढच्या गावाचं काढायचं आणि अलीकडेच, भलत्याच फाट्यावर उतरायचं. कंडक्टर ओरडे, "ओ भाऊ, तुमनं गाव पुढे शे!" हा खाली उतरून बस दिसेनाशी होईपर्यंत झाडाला टेकून उभा. मग उलट दिशेला चालू लागायचा.

या सगळ्याचा परिणाम एकच झाला, आम्हालाच त्याचा संशय येऊ लागला. हा खरंच कुठे जातो, की खोलीत बसून डोंगर रचतो? माझे सासरे आबा तर उघडच म्हणत, "रापला म्हणून काय झालं? ऊन त आपल्या वावरातबी लागते." शेवटी बापलेकांत ठरलं की दिवाळीपर्यंत कुठे कायमचं सदर मिळालं तर ठीक, नाहीतर गुमान सावद्याला येऊन केळी बघायची. आणि नवल म्हणजे पुण्याच्या एका मासिकाने खरोखरच वर्षभराचं सदर देऊ केलं. अट एवढीच, की प्रत्येक लेखाखाली ठिकाणाचं नाव आणि वाट द्यायची. शिवाय आधी जागा पाहून आलेल्या एखाद्या माणसाशी संपादकांचं बोलणं करून द्यायचं. त्यांनाही हा घरी बसून लिहितो असं वाटत असावं.

साक्षीदार म्हणून माझी नेमणूक झाली. साक्रीच्याही पुढे एका फाट्यावर (बघा, मलाही सवय लागली) आम्ही उतरलो, दुपारभर चाललो आणि एका पाड्याच्या शेवटच्या घराशी आलो. ओट्यावर एक म्हातारी अक्का शेंगा फोडत होती. तिने मला खालून वर न्याहाळलं.

"हाऊ कोन शे? पवनचक्कीसाठे जमीन लेवाले उना का?"

"नही व अक्का, मना भाऊजी शे," मेहुणा म्हणाला. त्याचा आवाज एवढा मऊ मी कधी ऐकला नव्हता.

घरामागे, कातळाच्या कपारीतून एक झरा वाहत होता. पाणी इतकं गार की दात शिवशिवले. मेहुण्याने अक्काला सदराचं सगळं सांगितलं आणि खाली मान घालून विचारलं, गावाचं नाव लिहू का?

अक्का शेंगा फोडतच राहिली. "पल्याडना झरा तूच लिखेल व्हता ना? लोके उनात, बठ्ठं पानी नासाडी गयात. तठे आते ढोरेबी पानी पेतस नही." मग म्हणाली, "लिख भाऊ. तुनं पोट शे."

परतीच्या वाटेवर मेहुणा पुढे पुढे चालत होता. त्याचा संशय मी जन्मजात समजत होतो. तो त्याचाच लेख वाचून आलेल्या लोकांनी नासवलेल्या त्या पलीकडच्या झऱ्यापासून सुरू झाला होता, हे मला त्या दिवशी कळलं.

चार दिवसांनी संपादकांचा फोन आला. मेहुणा समोर चहा घेऊन बसला होता.

"झरा खरा आहे?"

"आहे. पाणी प्यालोय मी."

"गाव कोणतं?"

मेहुण्याने कप खाली ठेवला. एका शब्दाने त्याचं सदर पक्कं होणार होतं, आणि लिहायची परवानगी तर अक्कानेच दिली होती. पण त्याचा चेहरा पाहून माझी जीभ उचलेना.

"ते तो सांगेल तर सांगेल," मी म्हणालो.

त्याने सांगितलं नाही. संपादक भले गृहस्थ होते, पण वाचकाला जाता येणार नसेल तर सदर कशाला, हे त्यांचं म्हणणंही खोटं नव्हतं. फोन ठेवल्यावर मेहुणा म्हणाला, "तुम्ही सांगून टाकणार असं धरूनच बसलो होतो, भाऊजी." मला राग यायला हवा होता, पण भरून आलं.

दिवाळीनंतर सावद्याला गेलो तेव्हा मेहुणा केळीचा ट्रक भरून घेत होता. आबा खुशीत होते, तरी मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "पोरगा कामाले लागला, पन बोलत नाही. त्याले तिकडं असं काय सापडलं होतं?"

"मला काय माहीत, आबा?" मी म्हणालो.

आबांचा विश्वास बसला नाही, हे चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. ट्रकपाशी मेहुण्याने आमचं बोलणं ऐकलं असावं. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा घडांखाली पाला पसरू लागला. मला त्याच्यासाठी फार वाईट वाटलं.