कामाला जोडून घेतलेले दिवस

माझी पत्नी मंगळवारी वारली. ती कंपनीच्या कामासाठी हैदराबादला गेली होती. काम शुक्रवारी संपलं. शनिवारी ती कोल्हापूरला वडिलांकडे गेली. सोमवारी संध्याकाळी ती स्वयंपाकघरात पडली. मी इकडे अमेरिकेत, चँडलरमध्ये होतो.

मेंदूत रक्तस्राव झाला आहे, पुण्याला हलवा, हवाई रुग्णवाहिका मिळाली तर फार बरं, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. तिच्या कंपनीने परदेशी जाणाऱ्यांचा प्रवास विमा काढलेला होता. मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीतच बसून त्यांच्या मदतीच्या नंबरवर फोन लावला. फोनवरची मुलगी नम्र होती. ती एकच प्रश्न शब्द बदलून विचारत राहिली: आज त्या कामावर होत्या का? मग तिने मॅनेजरचं पत्र मागितलं. मॅनेजर भला माणूस. तो म्हणाला, “कोल्हापूर? ती तर परतीच्या विमानात असायला हवी होती ना?” त्याला काहीच माहीत नव्हतं. त्याने लगेच पत्र दिलं आणि त्यात खरं लिहिलं, की काम शुक्रवारी संपलं. त्याला दोष देता येत नाही, आणि त्यामुळे माझी चिडचिड आणखी वाढते.

त्या पत्रावरून विमा कंपनीने नकार दिला, आणि मेहुण्याने शेवटी रस्त्याने जाणारी रुग्णवाहिका ठरवली. ती कराडपर्यंत पोचली.

पुढे मला कळलं की त्यांच्या विम्यात कामाला जोडून घेतलेल्या खासगी दिवसांसाठी सोय होती. निघण्यापूर्वी ऑफिसला कळवायचं, की हे चार दिवस मी घरी थांबणार आहे. बस. तिने कळवलं नव्हतं. आपल्यातलं कोणीच कळवत नाही. पुण्यात वेळेत पोचली असती तर वाचली असती का, असं मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही. अवघड पुस्तकातल्या वाक्यासारखं ते उत्तर मी वारंवार वाचतो. त्यातून अर्थ निघत नाही.

मी स्वतः एका मध्यम आकाराच्या कंपनीत, कर्मचाऱ्यांचा विमा आणि रजा बघणाऱ्या विभागात काम करतो. आम्ही चिप बनवणाऱ्या यंत्रांचे सुटे भाग तयार करतो, त्यामुळे आमची माणसं सतत मलेशिया, जर्मनी, हैदराबाद करत असतात. मी रजेवरून परतल्यावर काही महिन्यांनी नवा प्रवास विमा निवडायचं काम माझ्याकडे आलं. माझी वरिष्ठ हळू आवाजात म्हणाली, “हे तुझ्याइतकं कोणाला समजणार?” तिला बरं वाटावं म्हणून मी मान हलवली.

मग विम्याचा दलाल आला, म्हणजे व्हिडिओवर आला. त्याच्याकडे चांदी, सोनं आणि प्लॅटिनम असे तीन प्लॅन होते. पहिला अर्धा तास सामानावर गेला. सामान उशिरा आलं तर काय, हरवलं तर काय, गोल्फच्या काठ्या मोडल्या तर काय. प्लॅटिनममध्ये गोल्फच्या काठ्यांना विशेष संरक्षण होतं. मी विचारलं, काम संपल्यावर माणूस तिथेच चार दिवस थांबला तर? तो म्हणाला, त्यासाठी वेगळी जोडणी, म्हणजे विम्याला जोडायचं एक जादा कलम, विकत घ्यावी लागेल. मग थांबून म्हणाला, “तुमच्या बाबतीत जे घडलं त्याबद्दल ऐकून वाईट वाटलं.” आणि पुढची स्लाइड लावली. तिच्यावर समुद्रकिनारा होता.

ती जोडणी घेण्यासाठी वित्तविभागाच्या प्रमुख बाईंची मंजुरी हवी होती. त्यांनी विचारलं, “आपल्याकडे असे किती लोक थांबतात?” प्रश्न रास्त होता. मी सगळ्या प्रवास करणाऱ्यांना एक छोटी प्रश्नावली पाठवली. कामाच्या प्रवासाला जोडून तुम्ही खासगी दिवस घेता का? हो किंवा नाही.

आमच्या भारतीय मंडळींची सगळी उत्तरं ‘नाही’ आली.

दुपारी मी डबा घेऊन आमच्या नेहमीच्या टेबलावर गेलो. तिथे पुण्याच्या एक सीनियर इंजिनियर बसतात, त्यांना सगळे ताई म्हणतात. आणि एक नागपूरचा तरुण, टेस्टिंगमधला, जो वयाच्या मानाने फार बोलतो आणि मला दादा म्हणतो.

“प्रश्नावलीत काय लिहिलंस?” मी त्याला विचारलं.

“नो लिहिलं. काय लिहिणार?”

“मागच्या वेळी मलेशियाहून तू आठवडाभर नागपूरला जाऊन आलास. परत येताना संत्र्याची बर्फी आणलीस. मी खाल्ली आहे.”

“अरे दादा, ते वेगळं आहे यार. ते प्रवासात धरत नाहीत.”

“मग कशात धरतात?”

“घरी जाणं झालं ते.” त्याने पोळीचा तुकडा मोडला. “आणि मॅनेजरला कळलं तर? म्हणेल, कंपनीच्या तिकिटावर हा आईला भेटून येतो. माझा व्हिसा यांच्या हातात आहे.”

“रजा टाकली होतीस ना?”

“रजा टाकली. कुठे जातोय ते नाही टाकलं.”

मी ताईंकडे पाहिलं. त्या डब्यात काहीतरी शोधत होत्या.

“माझ्याकडे नको बघूस,” त्या म्हणाल्या. “वीस वर्षं मी आईला सांगत आले, ऑफिसने पाठवलंय, दोनच दिवस आहेत. आणि ऑफिसला सांगत आले, काम लांबलं. दोन्हीकडे खोटं बोलून मुलगी परत येते.”

“तुम्ही तरी ‘हो’ लिहायचं होतं.”

“नाव न घालता लिहिता येत असेल तर लिहिते.”

म्हणून मी निनावी प्रश्नावली काढली. पुन्हा सगळी उत्तरं ‘नाही’. नागपूरकराने मला कॉफीच्या मशीनपाशी गाठून हळूच सांगितलं, “लिंकवर क्लिक केलं की आयटीला कळतं, दादा. निनावी वगैरे काही नसतं.” मी त्याला म्हटलं, आयटीला तुझी आई कुठे राहते यात रस नाही. तो म्हणाला, “तुम्हाला माहीत नाही.”

मला राग येत होता आणि तो कोणावर काढावा ते कळत नव्हतं. ज्यांच्यासाठी मी भांडत होतो तेच माझा मुद्दा खोडून काढत होते. मला माहीत होतं की त्यांच्या परतीच्या तारखा तिकिटांवर आहेत, मागितल्या तर मिळतील. पण त्या उघड करणं म्हणजे या माणसांना चोरासारखं पकडणं. ते मी केलं नाही. घरी आल्यावर मी पत्नीच्या पुस्तकांच्या कपाटापुढे उभा राहायचो आणि तिच्याशी मनातल्या मनात वाद घालायचो: एक ओळ, फक्त एक ओळ लिहायला काय झालं होतं तुला?

सगळ्या प्रश्नावल्यांमध्ये एकच ‘हो’ आला होता, तोही पहिल्याच वेळी, नावासकट. विक्रीविभागातला एक उंच, लालसर चेहऱ्याचा अमेरिकन. त्याने उत्तराखाली चार ओळी स्वखुशीने लिहिल्या होत्या, की म्युनिकचं काम संपलं की तो दर हिवाळ्यात ऑस्ट्रियात स्कीइंगला जातो, बायको तिकडेच येऊन भेटते, आणि मागच्या वर्षी त्याने गुडघा मोडून घेतला. बरोबर प्लास्टरमधला फोटो. त्याच्या मॅनेजरलाही त्याने तो फोटो पाठवला होता.

मी वित्तविभागाच्या बाईंसमोर तोच कागद ठेवला. त्या हसल्या, फोटो दोनदा पाहिला आणि म्हणाल्या, “घेऊया ही जोडणी. नाहीतर हा माणूस एक दिवस आपल्याला अडचणीत आणेल.” इतक्या आया, इतके वडील, डायलिसिसवरचे, मोतीबिंदूचे, एकटे राहणारे, त्यांचा कोणी उल्लेख केला नाही. स्कीइंगमुळे कलम मंजूर झालं. ही गोष्ट मी ताईंना सांगितली तेव्हा त्या खूप हसल्या, आणि मग चष्मा काढून पुसत राहिल्या.

अट तीच होती. जाण्यापूर्वी मॅनेजरला आणि आम्हाला कळवायचं.

पुढच्याच महिन्यात नागपूरकर हैदराबादला निघाला. वडिलांची बायपास ठरली होती, तो काम संपवून दहा दिवस थांबणार होता. सगळ्या टेबलाला ठाऊक होतं. मला मेल आली नव्हती. निघण्याच्या आदल्या दिवशी तो मायक्रोवेव्हपाशी उभा होता.

“कळवलंस?”

“पुढच्या वेळी नक्की, दादा. आता घाई आहे.”

मी पत्नीबद्दल ऑफिसात कोणाशी बोललो नव्हतो. सगळ्यांना माहीत होतं, पण मी बोललो नव्हतो. तेव्हा मात्र बोललो. मोठ्याने बोललो, असं ताई नंतर म्हणाल्या. मी म्हटलं, “माझी बायको रुग्णवाहिकेत कराडला वारली. तिच्या मॅनेजरला वाटत होतं ती विमानात आहे. तुला तुझ्या वडिलांना काय सांगायचंय ते सांग. पण तुला काही झालं तर पहिला फोन कोण करेल, आणि त्याला काय उत्तर मिळेल, ते मला माहीत आहे. काढ फोन. इथेच लिही.”

मायक्रोवेव्ह वाजून बंद झाला. कोणी डबा काढला नाही. त्याने फोन काढला आणि उभ्या उभ्या दोन ओळी लिहिल्या. स्पेलिंग ताईंनी तपासलं.

आमची जेवणं संपण्यापूर्वी त्याच्या मॅनेजरचं उत्तर आलं. त्याने ते आम्हाला वाचून दाखवलं. हवे तितके दिवस थांब, वडिलांना माझ्याकडून हॅलो सांग. एवढंच.

“एवढंच?” तो म्हणाला.

“एवढंच,” ताई म्हणाल्या. “वीस वर्षं मी एवढ्यासाठी खोटं बोलले.”

मी उठून बाहेर गेलो. पार्किंगमध्ये ऊन रणरणत होतं. कोणावर तरी ओरडावं असं वाटत होतं, पण ओरडण्यासारखं कोणी उरलं नव्हतं.

तो जाऊन परत आला. त्याच्या वडिलांची शस्त्रक्रिया नीट झाली, विमा वापरावा लागला नाही. ताई आता नाव घालून कळवतात. बाकीच्यांपैकी निम्मे कळवतात, निम्मे नाही. जे कळवत नाहीत त्यांच्या टेबलाशी जाऊन मी विचारतो. हे माझ्या कामाच्या वर्णनात नाही. सध्या माझ्याकडे एवढंच आहे.