सातवा मुद्दा

आकाराम पोवारांना सरकारी मराठीचा मनस्वी राग होता, आणि कोल्हापुरातल्या छोट्या घरबांधणीवाल्यांत ती मराठी सगळ्यांत जास्त त्यांनीच वाचलेली होती.

शाळा सातवीपर्यंत. गाव बिद्रीच्या पलीकडं. सतराव्या वर्षी कोल्हापुरात आले ते पाट्या उचलायला. मग गवंड्याच्या हाताखाली, मग स्वतः गवंडी, आणि तिशी ओलांडल्यावर घरंच बांधायला घ्यायला लागले. मोठ्या इमारतींच्या वाटेला कधी गेले नाहीत. शिक्षक, एसटीतले कंडक्टर, कारखान्यातले कारकून अशा माणसांची दोन खोल्या खाली, दोन वर अशी घरं. एक घर पुरतं झाल्याशिवाय दुसऱ्याचा पाया काढायचा नाही, हा त्यांचा शिरस्ता. साठी जवळ आली तेव्हा अशी चाळीसेक घरं त्यांच्या हातून उभी राहिली होती आणि त्यातल्या प्रत्येक घरात ते अजून चहाला जाऊ शकत होते.

एक घर सोडून.

ते अंबूबाईंचं. दवाखान्यात आया म्हणून आयुष्य काढलेल्या या बाईंनी निवृत्त झाल्यावर घर बांधलं, आणि एकोणीसच्या महापुरात ते खिडक्यांच्या वरपर्यंत बुडालं. पाणी नऊ दिवस हललं नाही. ओसरल्यावर आकाराम बघायला गेले. अंबूबाई दारात गाळ उपसत होत्या. त्या रडल्या नाहीत, शिव्याही दिल्या नाहीत. एवढंच विचारलं, "मिस्त्री, हितं पाणी येतंय हे तुमास्नी ठावं न्हवतं व्हय?"

ठाऊक नव्हतं, हेच तर खरं. नकाशा मंजूर होता. इंजिनिअरची सही होती, शिक्का होता. पूररेषेचा नकाशाही होता म्हणे, कुठल्यातरी फायलीत. ज्याच्या हातात थापी होती त्याला तो कुणी दाखवला नव्हता, आणि त्यानंही विचारला नव्हता. शिव्या परवडल्या असत्या, असं आकाराम पुढं कैकदा म्हणायचे.

त्या दिवसापासून ते वाचायला लागले. मुलगी स्नेहल डिप्लोमा होऊन एका आर्किटेक्टकडं काम करायची. नवीन नियम, परिपत्रक, सूचना, काहीही निघालं की ती वडिलांच्या फोनवर टाकायची. सकाळी साइटवर जायच्या आधी आकाराम चष्मा लावून बसायचे आणि पेन्सिलीनं वहीत त्याचं सरळ मराठी करायचे. 'सदर बांधकामाचा भोगवटा सक्षम प्राधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय अनुज्ञेय असणार नाही' असं वाक्य आलं की संतापायचे. "ह्ये कुणासाठी लिवलंय? बांधणाऱ्यासाठी का वकिलासाठी?" आणि वहीत लिहायचे, 'दाखला मिळाल्याबिगर घरात कुणाला राहायला घालू नका. वास्तुशांतीचा मुहूर्त निघालाय म्हणून तर अजिबात घालू नका.'

छोट्या बांधकामवाल्यांची एक संघटना होती. सव्वाशे सभासद, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दहा वाजता सभा. सभेत एक पत्रक वाटलं जायचं. कुठला अर्ज बदलला, मजुरांची नोंदणी कशी करायची, मातीच्या तपासणीचा दाखला कुठं लागतो, कुठल्या खाणीच्या वाळूत माती जास्त येतीय, असं सगळं त्यात असायचं. पत्रक लिहायचे आकाराम. कार्यालयातली अनुजा ते टाइप करायची, आणि सभेत मोठ्यानं वाचून दाखवायचे तेही आकारामच. सभासद बाकी भाषणांना उठून बाहेर जायचे, या वाचनाला आत यायचे.

त्या फेब्रुवारीच्या अखेरीस नव्या पूररेषेचा मसुदा निघाला. निळ्या रेषेच्या आत नवं घर बांधता येत नाही, हे सगळ्यांना माहीत. पण ही निळी रेषा शहराच्या एका अंगाला पहिल्यापेक्षा बरीच वस्तीकडं सरकली होती. कुणाची हरकत असेल तर चाळीस दिवसांत लेखी द्यायची होती. आकारामांनी तीन सकाळी घालवल्या. स्नेहलला बरोबर घेऊन नकाशावर रेषेच्या आत येणाऱ्या जमिनींचे गट नंबर एकेक करून उतरून काढले, आणि पत्रकात सातवा मुद्दा म्हणून घातले. खाली लिहिलं, 'आपला नंबर यात आहे का ते आजच बघा. उद्या नको.'

मार्चच्या पहिल्या रविवारी पत्रक हातात आलं, त्यात मुद्दे सहाच.

सभा संपल्यावर त्यांनी अनुजाला गाठलं. तिनं खाली बघत सांगितलं, "अध्यक्षांनी काढायला लावला, दादा. मी टाइप केलेला."

अध्यक्ष अमरसिंह. सभासदांत सगळ्यात मोठं काम त्यांचं. बोलायला गोड, कुणाच्या घरी मयत झाली तर पहिले हजर. आकाराम त्यांच्या केबिनमध्ये गेले.

"बसा दादा, चहा घ्या," अमरसिंह म्हणाले. "अहो, तो नुसता मसुदा आहे. अंतिम झाल्यावर छापू की. आत्ताच छापला तर लोक घाबरतात, व्यवहार थांबतात."

"हरकतीला चाळीस दिवस हाईत. अंतिम झाल्यावर हरकत कुणाकडं घ्यायची?"

"तुम्ही फार मनाला लावून घेता."

"मनाला न्हवं, कागदाला लागलंय. लिवलेला मुद्दा तुमी मला न इचारता काढला."

"संघटनेच्या हिताचा निर्णय आहे तो," अमरसिंह हसून म्हणाले आणि त्यांनी फोन उचलला. आकाराम चहा तसाच ठेवून उठले. अध्यक्षांना कटकट नको असेल, एवढंच त्या दिवशी त्यांच्या मनात आलं. माणसाबद्दल त्याहून वाईट विचार करायची त्यांना सवय नव्हती.

पुढच्या आठवड्यात हुपरीहून श्रीशैल आणि शिवम्मा आले. शिवम्माच्या बहिणीचं घर आकारामांनी बांधलेलं, त्या ओळखीवर. नवरा-बायको दोघंही घरीच चांदीच्या पैंजणांना घुंगरं जोडायचं काम करायचे. पंचवीस वर्षं शेगडीपुढं बसून श्रीशैलची नजर अधू झाली होती. मुलगी कोल्हापुरात नोकरीला लागली, तिच्याजवळ राहावं म्हणून त्यांनी एक छोटा बंगला ठरवला होता. आठ दिवसांत करारावर सह्या व्हायच्या होत्या.

"अण्णा, एकदा तुमी नजर टाका," शिवम्मा म्हणाली. "आमाला सोन्या-चांदीतलं कळतंय, सिमिटातलं कळत न्हाय."

जागा नदीच्या बाजूला. बारा बंगल्यांचा प्रकल्प, तीन बंगल्यांचं काम छतापर्यंत आलेलं, बाकीच्या प्लॉटवर ताज्या मुरमाचा भराव. फाटकावर मोठा फलक. आकारामांनी फलक वाचला, गट नंबर वाचला, आणि खिशातली वही काढली. नंबर त्यांच्या यादीत होता. निळ्या रेषेच्या आत. आणि फलकावर सगळ्यात वर, ठळक अक्षरात, अमरसिंहांच्या फर्मचं नाव.

त्यांना तडक अमरसिंहांना गाठावंसं वाटलं. पण आधी त्यांनी खात्री करायची ठरवली. साइटवरचा विक्रीचा माणूस पुढं आला.

"पावणं, निर्धास्त ऱ्हावा. हितं पाणी कवाच आलेलं न्हाय."

आकाराम कुंपणाकडं गेले. कुंपणापलीकडं एका गोठ्यात तानाबाई नावाची बाई म्हशींना वैरण टाकत होती. त्यांनी तिला हाक मारून विचारलं.

"आलतं की," तानाबाई म्हणाली. "एकोणीसला छपराच्या त्या आड्यापतोर आलतं. म्हसरं सोडून आमी सडकंवर गेलतो, सात दिस. एकवीसला बी आलतं, पर गुडघाभर." आणि भरावाकडं बघून म्हणाली, "ह्यो मुरूम टाकल्यापास्नं तर आमच्याकडं जास्तच यायचं आता."

विक्रीचा माणूस फोनवर बोलत बाजूला झाला.

शिवम्मानं पिशवीतून कागदांची फाइल काढली. "पण अण्णा, सगळं कागद हाईत. सगळ्यांवर शिक्का हाय."

"शिक्क्याला पोहता येत न्हाय, शिवम्मा," आकाराम म्हणाले. आवाज चढला होता, तो तिच्यावर नव्हता. "ही मंजुरी जुन्या रेषेवर घेतलीया. नवी रेषा येणार हे मालकाला ठाव हाय. चांगलं ठाव हाय. म्हनून तर तुमची सही आठ दिसांत पायजे."

परतताना त्यांच्या डोक्यात फलकावरचं ते नाव होतं. मुद्दा गाळला गेला याचं त्यांना एवढं वाटत नव्हतं. त्यांनी तीन सकाळी बसून जे वाचलं ते अमरसिंहांनी आधी वाचलं होतं, नीट समजून घेतलं होतं, आणि त्याचा उपयोग काय केला, तर आपल्या बारा गिऱ्हाइकांना कळायच्या आत सह्या उरकून घ्यायच्या. आपण अडाणीपणानं एक घर बुडवलं. हा माणूस सगळं जाणून बारा घरं बुडवणार होता. आणि बाकी सव्वाशे जणांना अंधारात ठेवणार होता ते वेगळंच. त्यांचेही नंबर यादीत होतेच की.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी सभा भरली तेव्हा हरकतीच्या मुदतीचे चार दिवस उरले होते. आकारामांनी छापील पत्रक सगळं वाचलं. मग वही उघडली.

"आता गेल्या महिन्यातला सातवा मुद्दा. जो तुमाला मिळाला न्हाय."

"हा विषय आजच्या पत्रिकेवर नाही," अमरसिंह म्हणाले.

"न्हाय, कारण तुमी काढला."

माइक बंद झाला. पण मिक्सरच्या घरघरीवर वरच्या मजल्यावरून खाली हाका मारण्यात ज्याची उमर गेली त्याला माइकचं काय. आकारामांनी रेषा म्हणजे काय ते सांगितलं, मुदत सांगितली, आणि गट नंबर वाचायला लागले. अमरसिंहांच्या प्रकल्पाचा नंबर आला तेव्हा तोही वाचला, ना हळू ना जोरात. फक्त पुढं म्हणाले, "ह्या जागेवर बारा घरं विकायला काढल्यात. घेणाऱ्यांना कुणी सांगितलेलं न्हाय. हे काम करणारा माणूस आपला अध्यक्ष हाय, आणि आपण त्येच्याच हाताखाली नियम ऐकाय बसलोय."

 कुणी म्हणालं नाही की आकाराम खरं बोलतायत. कुणी म्हणालं नाही की खोटं. ज्यांना त्यांनी अर्ज भरून दिले होते, ज्यांच्या साइटवर उन्हातान्हात उभं राहून सळई तपासली होती, ते पत्रकाची घडी घालत बसले. अमरसिंहांनी शांतपणे पुढचा विषय पुकारला. आकाराम वही मिटून बाहेर पडले. ते जिना उतरले.

खाली बाळासोंनी त्यांना गाठलं. बाळासो म्हणजे सिमेंट-सळईचे दुकानदार, अधूनमधून एखादं घर बांधणारे. हातात मिठाईच्या खोक्याचा फाटका तुकडा, त्यावर एक आकडा.

"दादा, माझा नंबर हाय का बगा की."

"वर इचारायचं हुतंस."

"वर कसं इचारू?" बाळासो ओशाळून म्हणाले. "समद्यांची उधारी अध्यक्षांकडं अडकलीया."

त्यांच्या मागोमाग आणखी दोघं आले, मग चौघं. दुपारपर्यंत आकाराम बाळासोंच्या दुकानात सिमेंटच्या पोत्यांवर बसून नंबर बघत होते. स्नेहलनं नकाशा मोठा छापून आणला. तीन दिवसांत तेवीस जणांचे अर्ज गेले. याशिवाय काही जणांना रेषाच मागं सरकवून हवी होती, आपल्या प्लॉटच्या पलीकडं. आकारामांनी ते अर्ज लिहायला साफ नकार दिला. "ज्येचं मोजमाप चुकलंय त्येचं लिवतो. पाणी काय तुमची हरकत वाचून माघारी फिरायचं न्हाय," असं म्हणून त्यांनी दोघातिघांना हाकलून दिलं. ते अजून त्यांच्याशी बोलत नाहीत.

श्रीशैल-शिवम्मांनी सही केली नाही. मुलीजवळ दोन खोल्या भाड्यानं घेतल्या आणि हुपरीचं घर तसंच ठेवलं. बारा गिऱ्हाइकांपैकी सात जणांनी माघार घेतली. अमरसिंहांचं काम थांबलं, पण अध्यक्षपद गेलं नाही. उलट आकारामांनाच पत्र आलं. शिस्तभंगाबद्दल सभासदत्व स्थगित. पत्र अनुजानंच टाइप केलेलं होतं. देताना तिच्या डोळ्यांत पाणी होतं. आकाराम म्हणाले, "तुझा काय दोष, पोरी," पण त्यांना तिचाही थोडा राग आला होता, आणि तो आला याची लाजही वाटली.

सगळ्यात जास्त लागलं ते विश्वजितचं बोलणं. हा हायस्कुलातला मास्तर. बारातल्या पुऱ्या होत आलेल्या तीन बंगल्यांपैकी एक त्यानं आधीच घेतला होता. तो एकदा आकारामांच्या साइटवर येऊन भांडला. "तुम्ही गप्प बसला असता तर वर्षभरात मी ते घर विकून मोकळा झालो असतो. आता ते कोण घेणार?"

आकाराम भिंत सरळ आहे का बघायला ओळंबा धरून उभे होते. त्यांनी तो खाली ठेवला.

"कुणाला विकला असता, मास्तर?"

विश्वजितनं गाडीची किल्ली काढली.

"नाव सांगू नका. नुसतं डोळ्यापुढं आणा. कोणतरी असंलच की. पोराबाळांचा माणूस. त्येला सांगितलं असतंसा? का त्येलाबी शिक्काच दावला असतासा?"

मास्तर वळला आणि गाडी काढून निघून गेला. त्या दिवशी आकारामांचं मन कामात लागलं नाही. फसलेला माणूससुद्धा फसवायलाच निघतो, ही गोष्ट त्यांच्या घशाखाली उतरत नव्हती.

आता पहिल्या रविवारी दहा वाजता बाळासोंच्या दुकानात वीसपंचवीस जण जमतात. बसायला जागा नसते. सळईच्या ढिगाला टेकून, पोत्यांवर, दाराबाहेर फुटपाथवर उभे राहून आकारामांचं वाचन ऐकतात. संघटनेचं पत्रकही निघतं. त्यात आता नियमांपेक्षा सत्काराचे फोटो जास्त असतात.

पावसाळ्याच्या तोंडाला आकारामांच्या हरकतीवर उत्तर आलं. भराव टाकल्यानं शेजारच्या गोठ्यांत पाणी घुसेल, तेव्हा भरावाचीही तपासणी व्हावी, असं त्यांनी तानाबाईचं नाव घालून दोन पानं लिहिलं होतं. उत्तर एका ओळीचं होतं. 'आपल्या हरकतीची नोंद घेण्यात आली आहे.'

त्यांनी ते स्नेहलला दाखवलं. "नोंद घेतली म्हंजे वाचली काय गं?"

"तसं काय सांगता येत न्हाय, बाबा."

"मग वाचली का न्हाय, ह्येवढंच इचारायचा अर्ज असतोय का?"

"असतोय की. माहितीचा अधिकार."

"आण फॉर्म," आकाराम म्हणाले, आणि चष्मा पुसायला घेतला.