पाव फेरा

पानाकाका हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. मागच्या खिशात कायम पाना असायचा, म्हणून सगळा अणुवीज प्रकल्प त्यांना तेच म्हणायचा. एकतीस वर्षं फिटर. कामाला वाघ, बोलायला मात्र मुलखाचे कंजूष. मी तिथे सुरक्षा विभागात कारकून. दिवसभर रजिस्टरं भरायची आणि सह्यांसाठी लोकांच्या मागे धावायचं. काकांच्या मागे कधी धावावं लागलं नाही.

मग परदेशातल्या एका अणुभट्टीत मोठा अपघात झाला. वीज गेली, पंप थांबले, आत वाफ कोंडली. ती बाहेर सोडायचा व्हॉल्व्ह अंधारात हाताने उघडताना तिथल्या लोकांचा नको तेवढा वेळ गेला. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. पंधरा दिवसांत आम्हाला हुकूम आला: संकटात लागणारी प्रत्येक वस्तू प्रत्यक्ष चालवून दाखवा, कागद नकोत. तपासायला येणार होते दुसऱ्या प्रकल्पांतले लोक, म्हणजे थापा न पचणारे. आमची भट्टी तेव्हा वार्षिक दुरुस्तीसाठी बंदच होती.

हुकूम आल्यावर तिसऱ्या दिवशी काकूंचा मला फोन. "अगं, ह्यांना झालंय काय? टीव्हीवर ती बातमी लागली की भरलं ताट सोडून बाहेर जातात. विचारलं तर अंगावर येतात."

दुपारी मी काकांना वर्कशॉपमागे गाठलं. आधी आढेवेढे, मग म्हणाले, "तसला व्हॉल्व्ह आपल्याकडेही आहे. मोटरने उघडतो. मोटर बंद पडली तर हाताने चाक फिरवायचं. दरवर्षी बंदच्या काळात ते पूर्ण फिरवून बघायचं असतं, साठ फेरे. मी पाव फेरा फिरवतो, हलतंय म्हणतो आणि सही करतो. अकरा वर्षं झाली."

त्या सह्या मीच गोळा केल्या होत्या आणि एकदाही काही विचारलं नव्हतं. तरी शहाणपण शिकवायला मी पुढे. "काका, झाकली मूठ सव्वा लाखाची. आठ महिन्यांत रिटायर होताय. नोकरी गेली तर पेन्शनचं काय?"

"आणि नाहीच फिरलं चाक, तर?"



तपासणीच्या दिवशी बैठकीत पथकाच्या प्रमुख बाईंनी विचारलं, "वाफेच्या व्हॉल्व्हचं चाक पूर्ण फिरताना शेवटचं कोणी पाहिलंय?" आमच्या साहेबांनी ऐटीत रजिस्टर पुढे केलं. काका मागच्या रांगेतून उठले.

"मॅडम, त्यात सही माझी आहे. पण ती खोटी आहे."

साहेबांचा चेहरा असा उतरला की मला तशातही हसू येईल की काय, याचीच भीती वाटली. बाई फक्त म्हणाल्या, "चला, बघू या."

व्हॉल्व्हपाशी गेल्यावर, खऱ्या संकटासारखा अंधार हवा म्हणून दिवे बंद केले. काकांनी मास्क लावला आणि चाक धरलं. अर्धा फेरा झाला नाही तोच खट्! चाकाची मूठ एका लोखंडी कंसावर, म्हणजे ब्रॅकेटवर, आपटली. केबल टाकण्यासाठी सहा वर्षांपूर्वी तो अगदी नकाशाबरहुकूम तिथे वेल्ड केला होता. पाव फेऱ्यात तो कधीच आड आला नव्हता.

साहेब काकांवर ओरडायला लागले. बाईंनी त्यांना थांबवलं. "ओरडा नंतर. हे वीज गेल्यावर कळलं असतं, तर?"

कंस त्याच दुपारी कापला. दुसऱ्या दिवशी काकांनी साठ फेरे पुरे केले, अठरा मिनिटांत, घामाने निथळत. शिक्षेचा कागद चार दिवसांनी आला: लेखी ताकीद, आणि रिटायर होईपर्यंत नव्या फिटरांना हेच काम शिकवायचं. नोकरी वाचली होती. काकूंचा जीव भांड्यात पडला. मलाही एक ताकीद मिळाली, ती रास्तच होती. मी ती घेऊन हसतच घरी गेले.

तोच नकाशा आणखी सात प्रकल्पांत वापरला होता, म्हणून झाला प्रकार पत्राने सगळीकडे कळवला. आठवड्याने माझ्या टेबलावरचा फोन वाजला. "पाव फेऱ्याची कबुली देणारे काका तिथेच असतात का?" मी काकांना बोलावलं आणि स्पीकर लावला.

"काका, आपली ओळख नाही. मीही फिटर. पत्र वाचलं आणि तडक साहेबांकडे जाऊन सांगितलं, मीही पाव फेराच फिरवतो. आमच्याकडेही कंस आडवा निघाला. काका, माझी मुलगी इथेच ड्युटीला असते हो."

काकांनी एवढंच विचारलं, "जेवलास का रे?"

"आज जेवलो, काका. पोटभर."