मातीला भिणारे काका

गर्भार बाईला या जगात वाघ, वीज आणि सासू या तिघांपेक्षाही मोठा धोका मातीचा आहे, असं ठामपणे मानणारा एकच माणूस मला माहीत आहे, आणि तो म्हणजे आमचे घरमालक काका. बरं, माणसाचं मातीशी वैर म्हणावं तर तसंही नाही. तहसील कचेरीतून निवृत्त झाल्यापासून त्यांचा सगळा दिवस लोहाऱ्यातल्या घरामागच्या परसातच जातो. बायको जाऊन तीन वर्षं झालेली, मुलगी लग्न होऊन पुण्याला. मी त्यांच्या दोन खोल्यांची भाडेकरू. नवरा झरी जामणीकडे आश्रमशाळेत मास्तर, तो शनिवारी यायचा आणि सोमवारी पहाटे निघून जायचा. मधले दिवस मला खायला उठत. पाचवा महिना लागला तेव्हा मन रमावं म्हणून मी परसात खुरपं हातात घेतलं आणि काकांच्या तावडीत सापडले.

"थांब! उघड्या हातानं मातीत जातं काय?" असं म्हणून ते तडक यवतमाळच्या बाजारात गेले आणि रबरी हातमोजे घेऊन आले. मोजे फुटके नाहीत याची खात्री म्हणून त्यांत पाणी भरून ते दोरीवर टांगले. समोरून जाणाऱ्या बायकांना वाटलं, काकांनी गाय घेतली की काय. मांजर तर त्यांची जन्माची वैरीण. "मांजरीच्या घाणीनं माती नासते. थे पोटात गेलं तर लेकराले तरास होते. डॉक्टरीणबाईले इचारून आलो मी." म्हणून प्रत्येक वाफ्यावर बोरीच्या काट्या अंथरल्या. मांजर शेजारच्या वाफ्यात निवांत बसू लागली आणि काकांची लुंगी रोज काट्यांत अडकू लागली. मी वाकू नये म्हणून त्यांनी जुन्या लोखंडी पलंगावर पत्रा टाकला, त्यावर माती पसरली आणि मेथी पेरली. मेथीला दवाखान्यात भरती केलंय काय, असं गल्ली विचारायची. झारी ते अर्धीच भरून स्टुलावर ठेवत, दर थोड्या वेळानं पाणी प्यायला लावत, आणि ऑक्टोबरच्या उन्हात माझ्या डोक्यावर छत्री धरून उभे राहत. परसापलीकडच्या शेतात पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, फवारणी सुरू झाली की गल्लीभर ओरडत यायचे, "खिडक्या लाव! वारा इकडचा हाये! आज भाजी तोडू नोको!"

यातलं बरंचसं शहाणपणाचं होतं, हे मला कबूल आहे. पण काही सूचना मात्र डोक्यावरून जायच्या. "कुंड्या गॅलरीच्या कठड्यावर ठेवू नोको," ते बजावत. आमच्या घराला गॅलरी नव्हती. "खताची पिशवी उचलू नोको. लिफ्ट बंद असली तर जिन्यानं तर बिलकूल नोको." आमच्याकडे जिनासुद्धा नव्हता. वय झालं, असं मी मनाशी म्हटलं. माझा पाचवा महिना चालू असताना ते विचारत, "सातव्यात पाय सुजतात काय वं?" मला कुठून ठाऊक असणार!

एका संध्याकाळी मी पलंगावरची मेथी खुडत होते आणि ते ओट्यावर मुलीशी फोनवर बोलत होते. कानाला कमी ऐकू येतं म्हणून स्पीकर चालू.

"जेवली?"

"हो बाबा."

"बरं. ठेवतो."

एवढंच. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "सातव्यात झोप येत नाही म्हनतात. खरं हाये काय?"

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हे सगळं मुलीसाठी चाललं होतं! ती पुण्यात चौथ्या मजल्यावर राहत होती, तिला सातवा महिना होता, आणि आईसारखीच तिलाही कुंड्यांचं वेड होतं. "मग हे सगळं तिलाच सांगा की," मी म्हटलं.

"तिची माय असती तर तिनं सांगतलं असतं. बापानं पोरीले असं काय इचारावं?" ते लाजून हसले. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं म्हणून त्यांनी आतल्या खोलीला रंग दिला होता, पलंगाला नवी गादी आणली होती. फक्त तिला 'ये' म्हणायचं राहिलं होतं.

मी त्यांना पुन्हा फोन लावायला लावला. काकांनी घसा खाकरला. "मातीत हात घालताना मोजे घालत जाय," ते एका दमात म्हणाले. "घालते बाबा," ती म्हणाली, आणि तिचा आवाज भरून आला. त्या आवाजानं काकांना धीर आला असावा. "बाळंतपनाले इकडं ये. खोली तयार हाये."

"तिथं कोण आहे बाबा आता?" ती मायेनंच म्हणाली. "आई असती तर आलेच असते. सासूबाई इथंच करतो म्हणतात. तुम्ही बारशाला या."

"हाव. बरोबर हाये," काका म्हणाले. फोन बंद झाला तरी त्यांनी तो हातात तसाच धरला होता. मग त्या बंद फोनकडे पाहत म्हणाले, "मी हाओ ना वं."

मला रडू आवरेना. मेथीची जुडी मांडीवर घेऊन मी तशीच बसून राहिले. माझी आई पुढच्या महिन्यात मला बाळंतपणाला माहेरी, दारव्ह्याला, न्यायला येणार होती. मागे या घरात काका एकटेच उरणार होते, हे त्यांना माझ्याआधी कळलेलं असणार.

मग ते उठले, ओट्यावरचा दिवा लावला. "तू लेकरू घेऊन वापस येशीन तवा मले देजो थोडा वेळ," ते म्हणाले. "मले लहान लेकरू धरता येत नाही. पोरीच्या वक्ती तिची मायच धरे, मी दुरूनच पाहो. बारशाले बी दुरूनच पाहीन. तुह्यावाल्यावर शिकतो. मंग पुन्हा जातो पुण्याले."