पंप मी लपवला होता

समर्थच्या बरगड्या आत ओढल्या जात होत्या, ओठ निळे पडत होते, आणि त्याचा दम्याचा पंप कुठे आहे हे फक्त मला माहीत होतं. गव्हाच्या कोठीत. तीन वर्षांच्या नातवाला पंपाची सवय लागेल, असं बायका म्हणाल्या आणि मी अक्कल गहाण ठेवून ऐकलं.

सून वर्षा पोराला घेऊन अंगणात रडत होती. माझी धाकटी जाऊ, कौसा, धावत आली आणि मला घरात ओढलं.

"अक्का, कुठंय पंप?"

मी कोठीकडे बोट केलं. तिने कोपरापर्यंत हात घातला. "सवय लागती म्हणं! चष्म्याची लागली न्हाई का तुला? फेक की मंग!"

डॉक्टर पंप शिकवत होते तेव्हा मी बाहेर चहा पीत बसले होते. कौसा आत उभी राहून शिकली. मी चौथी पास, ती शाळेत गेलीच नव्हती. अंबडच्या दवाखान्यापर्यंत जीपमध्ये तिने पोराच्या तोंडाला मास्क लावून पंप दिला. तिथे ऑक्सिजन लावला, वाफ दिली. पोरगं मास्क ओढून टाकायला लागलं.

"काकी, रडून राह्यला... काढू का?" वर्षाने विचारलं.

"धर घट्ट. रडू दे."

पोराची छाती जरा हलकी झाल्यावर डॉक्टर चिडले. घरात पंप असून उशीर का केला?

"मीच कुठंतरी ठेवून इसरले, साहेब," कौसा म्हणाली.

सगळ्यांसमोर त्यांनी तिला झापलं. मी शेजारी उभी राहून ऐकलं. नंतर विचारलं, खोटं का बोललीस? म्हणाली, "तुला सुनेच्या हातचं खायचंय अजून."

दीड महिन्यापूर्वी कौसा गेली. छातीत कळ आली आणि संपलं. दहाव्याला भावकीतल्या बायका माझ्याच ओसरीवर बसून बोलल्या, "चांगली होती, पण त्या टायमाला पोरगं घालवलंच असतं तिनं." तेव्हा माझ्या अंगाची आग झाली. त्यांचा राग आलाच, पण त्याहून जास्त स्वतःचा... दोन वर्षं माझं पाप तिच्या नावावर चाललं आणि मी सुखाने भाकर खाल्ली.

त्याच ओसरीवर, वर्षासमोर, मी सगळं सांगितलं. वर्षा अजून माझ्याशी बोलत नाही. बराबर आहे तिचं.

आता लिहूनही ठेवते. पंप मी लपवला होता. समर्थ जगला, तो कौसामुळे.