दुसऱ्या कडव्यापर्यंत

ते गाणं रेडिओवर लागलं की माझा नवरा डोळे मिटून मान हलवतो. नदीकाठी नावाड्याची वाट बघणारी बाई, कलतं ऊन वगैरे. मला मात्र कांदेपोह्यांचा वास येतो. त्याला इलाज नाही.

माझ्या ताईला हे एकच गाणं येत होतं. गोष्ट ऐंशीच्या दशकातली. बोरिवलीच्या आमच्या दोन खोल्यांत रविवारी तिला बघायला माणसं यायची आणि "मुलीला गाता येतं का?" असं कोणी ना कोणी विचारायचंच. विचारणाऱ्यांच्या घरी सात पिढ्यांत कोणी गुणगुणलंही नसेल, ते सोडा.

मी तिच्याहून सहा वर्षांनी लहान. माझी जागा पडद्यामागे, स्वयंपाकघरात, पोह्यांवर खोबरं पेरायला. त्यामुळे ताईची लबाडी फक्त मला ठाऊक होती. मुलगा पसंत नसला की ती पट्टीच इतकी वरची धरायची की पहिल्या कडव्यातच आवाज फाटायचा. पाहुणे घाईघाईने "पुरे, पुरे" म्हणायचे आणि "कळवतो" सांगून चपला शोधायचे. घाटकोपरच्या एका बँकवाल्याने तर पोहेही अर्धे टाकले. आई बिचारी हळहळायची. "घसो बसलो काय गो तुझो?" म्हणत तिला आठवडाभर ज्येष्ठमध चघळायला लावायची. ताई निमूट चघळायची आणि मला डोळा मारायची.

दुसरं कडवं कुठल्याच पाहुण्याच्या नशिबी आलं नव्हतं. मला वाटायचं, हे असंच चालणार. आम्ही दोघी एका गादीवर झोपायचो, तिच्या ओढण्या तिच्यापेक्षा मीच जास्त वापरायचे. ती कुठे जाईल हे मला नकोच होतं.

मग मुलुंडचा मुलगा आला. जाड चष्मा, जरा वाकलेला, पोहे सांडत खाणारा. गाण्याचं त्याने विचारलंही नाही. विचारलं त्याच्या मामांनी. आता ह्याची वाट लागली, असं मनात म्हणून मी निवांत नारळ खवायला बसले.

ताईने सूर लावला तो खालचा, नेमका. पहिलं कडवं सरळ पार पडलं. बाबा सावरून बसले. ती दुसऱ्या कडव्याला लागली आणि मी नारळ टाकून उठले. मुलुंड म्हणजे तेव्हा आमच्या लेखी परगावच. मी काय करावं? ओट्यावरच्या स्टीलच्या सगळ्या बशा खाली ढकलल्या.

मामा दचकून उभेच राहिले. मग ताईने तीच ओळ पुन्हा घेतली, जरा मोठ्याने, आणि गाणं शेवटपर्यंत नेलं. इतकं छान ती कधीच गायली नव्हती. मला तिचा भयंकर राग आला.

ती चहाचा ट्रे न्यायला आत आली तेव्हा मी बशा गोळा करत रडत होते आणि डोळ्यात मिरची गेली म्हणून सांगायच्या तयारीत होते. तिने काही विचारलंच नाही. पदराने माझं तोंड पुसलं.

"पातेली पाडली असतीस ना," ती हळूच म्हणाली, "तरी मी थांबले नसते गं."

आणि ट्रे उचलून बाहेर गेली.