गार न पडणारी हलगी

जगातली कोणतीही गोष्ट शेकल्याशिवाय नीट वाजत नाही, असं आमच्या दाजींचं मत होतं आणि त्या मतावर त्यांनी उभा जन्म काढला. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, हलगीवाले. हलगीचं कातडं जाळावर तापवलं की आवाज टणक येतो आणि गार पडलं की बसतो, हे कोल्हापुरात कुणालाही ठाऊक आहे. पण दाजींनी हा नियम साऱ्या संसाराला लावला होता. रेडिओचे सेल ते उन्हात घालायचे, सांडग्यांच्या शेजारी. टीव्हीचा रिमोट चालेना झाला की तव्याच्या कडेला ठेवायचे. "ह्यांच्या हातात रिमोट दिऊ नगा," अक्का आल्यागेल्याला बजावायची, "मागचा इतळलाय." लग्नाच्या बैठकीत मुलीचा बाप अडून बसला की दाजी माझ्या कानाशी लागायचे, "पावणं गार पडल्यात. च्या आणा, शेकून काढू." मी त्यांचा मेव्हणा, पण मलाही ते पावणंच म्हणायचे, त्यातली चेष्टा आणि माया वेगळी काढता येत नसे.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीला मी मंगळवार पेठेत माडीवरच्या खोलीत रेकॉर्डिंग सुरू केलं. एक कॉम्प्युटर, एक माइक आणि आवाज घुमू नये म्हणून भिंतींना डकवलेले अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे. पहिल्याच गाण्याला हलगी हवी होती, म्हणजे दाजीच हवे होते. ते आले, भिंतींकडे बघून "एवढी अंडी कुणी खाल्ली?" म्हणाले, आणि मी हेडफोन शोधेपर्यंत त्यांनी खोलीच्या मधोमध घमेल्यात शेणी पेटवल्या. पुठ्ठ्याची खोली आणि आत जाळ! गायक खोकत जिन्यावर, मी बादली घेऊन आधी कॉम्प्युटर वाचवू की दाजी, या पेचात. शेवटी घमेलं गच्चीवर गेलं. दाजी वर हलगी तापवायचे, छातीशी धरून जिना उतरायचे, वाजवायचे, आवाज बसला की पुन्हा वर. सबंध दुपार हेच. गाण्यापेक्षा जिनाच जास्त वाजला.

कित्येक वर्षं हे कुणापाशी बोललो नाही. त्या दुपारचा एक तुकडा, हलगी नुकतीच खाली आली होती तेव्हाचा, मी कापून ठेवला. कॉम्प्युटरवर तो एकापुढे एक चिकटवला की गाणंभर हलगी तयार. गणपतीची गाणी, जत्रेची, निवडणुकीची, पुढाऱ्यांच्या वाढदिवसाची, सगळ्यांत तोच. गती वाढवायची, सूर चढवायचा, वापरायचा. जाळ नाही, जिना नाही, दाजी नाहीत. दर श्रावणात ते विचारायचे, "काय पावणं, औंदा हलगी हाय का न्हाय?" मी म्हणायचो, "हलगीची गाणी आता कोण मागत नाही, दाजी." "व्हय, दिवसच गार पडलं," म्हणून ते हलगी पुन्हा खुंटीला लावायचे, आणि मी उगाच चहा मागवायचो.

पुढं काही वर्षांनी विसर्जनाच्या मिरवणुकीत आम्ही दोघं रस्त्याकडेला उभे होतो. ट्रॅक्टरवर स्पीकरची भिंत आली आणि तिच्यातून माझं गाणं. ट्रॅक्टर मुंगीच्या पावलानं चालला होता. दाजी कान देऊन वाट बघत होते. हलगी आत्ता बसेल, मग बसेल. बसेचना.

"भारी शेकलीया," ते म्हणाले. मग त्यांचा चेहरा उतरला. "पर कवापास्नं वाजवतोय ह्यो गडी. हात भरून आलं असत्याल की रं त्याचं. जरा जाळापाशी तरी सोडा त्याला."

"दाजी, तो गडी तुम्हीच आहात."

त्या गोंगाटात कबुलीसुद्धा ओरडून द्यावी लागली, तीही दोनदा.

दुसऱ्या दिवशी ते हलगी घेऊन माडीवर आले. "लावा," म्हणाले. मी तुकडा लावला. थोडा वेळ ऐकून ते कॉम्प्युटरच्या मागं गेले. पंख्यातून गरम वारा येत होता, तिथं आधी तळवा धरला, मग हलगी. थांबले. टिपरी मारून पाहिली. आवाज बद्द.

"ह्येच्या उबंवर भागत न्हाय, पावणं. घमेलं कुठं हाय?"

घमेलं मी केव्हाच मोडीत घातलं होतं. ते माझ्या तोंडावरूनच त्यांना कळलं.

"असू द्या," ते म्हणाले. "च्या तरी सांगा."

चहा आला. दाजींनी तो प्यायला नाही. हलगी मांडीवर घेतली आणि गरम कप कातड्यावरून हळूहळू फिरवत बसले. मी बघत राहिलो. मागं तुकडा वाजतच होता. तो बंद करायचं मला सुचलं नाही.